बोनस तुटन

भाऊंबद्दल कोणी चांगलं बोललं की आजही माझ्या पोटात दुखतं. ते गडचांदूर सोडून सिरोंच्याकडे थोरल्या पोराकडे राहायला गेले, त्यांचा बाक रिकामा पडला, त्यांची निम्मी गिऱ्हाइकं माझ्याकडे आली, तरी दुखतं. तेव्हा हे लिहिताना माझ्या हातून त्यांना कुठे माप कमी घातलं गेलं, तर वाचणाऱ्यानं ते आपल्या मनानं पुरं करून घ्यावं.

मी गाड्यांचा विमा विकतो. काचेचा दरवाजा, आत एसी, गिऱ्हाइकासाठी थंड पाणी, आणि सिमेंटची पांढरी धूळ आत येऊ नये म्हणून दाराखाली लावलेला ब्रश, असं माझं ऑफिस आहे. भाऊही तेच विकायचे, पण चौकापलीकडच्या पंक्चरच्या दुकानासमोर एका बाकावर बसून. बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर, त्यातली बहुतेक जिवतीच्या आणि भामरागडच्या रस्त्यावर काढलेली. रिटायर झाल्यावर एजंटची परीक्षा दिली आणि पहिल्या खेपेला पास झाले. मला दोन खेपा लागल्या होत्या. गावात पन्नास भाऊ असतील, पण नुसतं 'भाऊ' म्हटलं की लोकांना हेच समजायचे, आणि हेसुद्धा मला खुपायचं.

पहिली गाडी घेणाऱ्या पोट्ट्यांचं एक असतं. गाडीची किंमत त्यांनी वर्षभर घोकलेली असते, विम्याची नाही. शोरूमवाला विम्याचा आकडा सांगतो तेव्हा डोळे पांढरे होतात. मग कोणीतरी सांगतो, भाऊंकडे जा, ते कमी करून देतात. ही पोरं माझ्या काचेच्या दरवाजासमोरून चालत जायची. काहीजण तर माझ्या काचेत बघून केस नीट करायचे आणि पुढे निघून जायचे.

भाऊ सगळ्यात आधी पायांकडे बघायचे. स्लिपर असली तर घरी पाठवायचे, "बूट घालून ये, स्लिपरनं ब्रेक मारत नसतेत." मग विचारायचे, "मोबाईल कुठी ठेवते तू चालवताना?" आणि मग त्यांचा तो प्रश्न, जो नंतर मी चोरला आणि ज्यावर माझ्याकडे कोणीच हसलं नाही. "सांग बापू, कितीचं नुकसान झालं तं तू रडत नाई?" पोरगा विचार करून काहीतरी आकडा सांगायचा. भाऊ तो कागदावर लिहायचे. अपघात झाला तर पहिले एवढे पैसे मी भरीन, असं लिहून दिलं की कंपनी प्रीमियम कमी करते. आमच्या धंद्यात त्याला भलंमोठं इंग्रजी नाव आहे आणि मी ते नाव घेऊन दहा मिनिटं समजावतो. भाऊ रडण्यावरून विचारायचे आणि काम व्हायचं.

मग ते पॉलिसीला जोडलेली जादा कलमं एकेक करून कापायचे. चावी हरवली तर भरपाई, सामान चोरीला गेलं तर भरपाई, टायरची भरपाई. "चावी काऊन हरवशीन तू? गळ्यात घाल." प्रत्येक कापलेल्या कलमामागे त्यांचं स्वतःचं कमिशनही कमी होत होतं. मी एकदा रस्त्यात गाठून म्हटलं, भाऊ, आपल्याच ताटातलं काऊन काढून राह्यले? ते म्हणाले, "माहं ताट लहान हाये साहेब, भरलंच राह्यते." मला ते साहेब म्हणायचे. त्यात चेष्टा होती की नव्हती हे मला कधी कळलं नाही, आणि कळलं नाही म्हणून ते जास्त झोंबायचं.

पण त्यांचा खरा विक्षिप्तपणा पुढे होता. पंचविशीच्या आतल्या कोणाचीही पॉलिसी करण्याआधी ते त्याच्या गाडीत मागच्या सीटवर बसायचे आणि म्हणायचे, "चाल, जिवतीपर्यंत." रस्ता तुम्ही पाहिला नसेल तर सांगतो. आधी सिमेंट वाहणाऱ्या बल्कर ट्रकांची रांग, मग चढ, मग वळणं, आणि वळणावर कोणाच्या तरी शेळ्या. भाऊ मागे बसून डोळे मिटायचे. जिवती येईपर्यंत त्यांना झोप लागली तर पॉलिसी. नाही लागली तर, "महिन्यानं ये." म्हणायचे, "बत्तीस साल मी जागलो, लोक झोपले. आता तू जाग, मी झोपतो." एका पोट्ट्यानं हुशारी केली, वीसच्या स्पीडनं चालवली, मंद गाणी लावली. भाऊ उठून बसले, "बैलबंडीत मले झोप येत नाई. नीट चालव."

नापास झालेले पोट्टे माझ्याकडे यायचे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. माझी तरुण गिऱ्हाइकं म्हणजे भाऊंच्या गाळणीतून खाली पडलेला भुसा होता. वर्षभरात त्यांच्या ठोकी यायच्या, क्लेम यायचे, आणि वरचा साहेब मला फोनवर विचारायचा की तुमच्याच एरियात एवढे अपघात का होतात. मी म्हणायचो, रस्ते खराब आहेत सर. रस्ते तेच होते, भाऊ त्याच रस्त्यांवर घोरत होते.

आता ते बोनसचं सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. गाडीच्या विम्यात वर्षभर क्लेम केला नाही की पुढच्या वर्षी प्रीमियममध्ये सूट मिळते. पहिल्या वर्षी थोडी, मग वाढत वाढत निम्म्यापर्यंत जाते. त्याला नो क्लेम बोनस म्हणतात. नव्या पोरांचा विमा खाली आणायचा याच्याइतका सरळ मार्ग दुसरा नाही. पण आमच्याकडे बोनस हा शब्द आधीपासून राबता आहे. सिमेंटच्या कारखान्यात दिवाळीला बोनस वाटतात. धानाला बोनस मिळतो. जंगलातल्या गावांत तेंदूपत्ता तोडणाऱ्यांना मागाहून बोनस मिळतो. बोनस म्हणजे रांगेत उभं राहायचं, अंगठा द्यायचा आणि नोटा घ्यायच्या.

तर एका दिवाळीच्या तोंडावर जिवतीकडचा एक म्हातारा माझ्या ऑफिसात येऊन बसला. पोराच्या गाडीची पॉलिसी माझ्याकडची होती. थंड पाणी प्यायला, दुसरा ग्लास मागितला, तोही प्यायला आणि म्हणाला, "द्या."

"काय द्या?"

"पोट्ट्याचा बोनस. तुमच्याच कागदावर लिवला हाये."

मी कॅल्क्युलेटर काढला. टक्के सांगितले. गाडीच्या नुकसानीचा भाग वेगळा, दुसऱ्याच्या नुकसानीचा वेगळा, सूट पहिल्यावर मिळते दुसऱ्यावर नाही, सगळं सांगितलं. अर्धा तास गेला. म्हातारा शांतपणे म्हणाला, "म्हंजे तुमी देत नाई." आणि उठून थेट चौकापलीकडे गेला. मी मागोमाग गेलो, कारण आता तो गावभर सांगणार की मी बोनस खाल्ला.

भाऊंनी त्याला बाकावर बसवलं. "बाबा, मांगच्या साली पॉलिसीले जेवढे लागले, यंदा तेवढे लागले का?"

"नाई. कमी लागले."

"पोट्ट्यानं गाडी ठोकली नाई, म्हणून बाकीचे लागले नाई. तुमच्या खिशातून गेलेच नाई, तोच बोनस."

म्हातारा माझ्याकडे वळून म्हणाला, "तं असं सांगाचं होतं ना." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अर्धा तास माझा, दोन ग्लास पाणी माझं, आणि समजलं त्यांच्यामुळे.

जाता जाता म्हाताऱ्यानं विचारलं, आणि ठोकली तर? भाऊ म्हणाले, "तं बोनस तुटन." झालं. म्हाताऱ्यानं हा शब्द डोंगरावर नेला. त्यानं पोराला लग्नाच्या वरातीला गाडी द्यायला बंदी केली, बोनस तुटन. पोट्टे वळणावर जोरात निघाले की पारावर बसलेले लोक ओरडायचे, हळू घे, बोनस तुटन. ज्यांच्याकडे गाडी नाही, सायकलसुद्धा नाही, तेही म्हणायचे. एका शाळकरी पोरीला मी धावताना पडलेलं पाहिलं, तर तिची आजी म्हणाली, "तुटला ना बोनस?" तालुक्याला एक शब्द देऊन जाणं कोणाच्या नशिबी असतं सांगा. मी या धंद्यात त्यांच्या आधीपासून आहे, आणि माझ्या नावावर एक शब्द नाही.

एकदा मात्र त्यांचं फसलं. त्यांनीच पास केलेल्या एका पोट्ट्याची गाडी झाडाला लागून पुढून पार चेंदली, आणि त्यानं बोनस तुटू नये म्हणून क्लेम न करता आईचा गोफ मोडून दुरुस्ती केली. भाऊंना कळलं तेव्हा ते दोन दिवस बाकावर आलेच नाहीत, मोपेडवर बसून गावोगावी सांगत फिरत होते, "लहान ठोक खिशातून, मोठी ठोक कंपनीतून. मोठ्या ठोकीले बोनस पाहाचा नसते." त्यांचा चेहरा उतरलेला होता. मला ते दोन दिवस फार छान गेले. खोटं कशाला बोलू.

आता माझ्या लेकीचं.

ती नर्स झाली आणि तेविसाव्या वर्षी भामरागडकडच्या एका आरोग्य केंद्रात लागली. पावसाळ्यात तिथे नदी पुलावर चढते आणि रस्ता बंद होतो, बसचा भरवसा नाही. तिनं पगारातून गाडी घ्यायचं ठरवलं. मला वाटलं, आता बघ बापाची विद्या. मी माझी जुनी गाडी नुकतीच विकली होती, आणि इतकी वर्षं क्लेम न केल्याचा पूर्ण बोनस माझ्या नावावर जमा होता. हा बोनस गाडीला चिकटलेला नसतो, मालकाला असतो, मालक नवी गाडी घेतो तेव्हा तो तिच्यावर चढवता येतो. मी म्हटलं, "गाडी माझ्या नावावर घे. गाडीच्या नुकसानीचा विमा अर्ध्यात येईल. चालव तूच."

ती म्हणाली, "बाबा, माह्या नावावर घ्याची हाये."

"अगं पण तुझा बोनस शून्य. उगीच जास्त भरशील."

"मंग शून्यापासून करीन."

आणि ती भाऊंकडे गेली. विमा एजंटची पोरगी, बापाच्या काचेच्या दरवाजासमोरून, माझ्या देखत, चौक ओलांडून. त्या दिवशी ऑफिसातल्या पोरांनी संगणकात डोकी घातली होती, माझ्याकडे बघायला नको म्हणून.

संध्याकाळी जेवताना तिनं सगळं सांगितलं. तिला काही लपवावंसं वाटलं नाही, हेच मला सहन होईना. "बाबा, भाऊ घाटाच्या पहिल्याच वळणावर झोपले. घोरत होते. जिवतीले उठवलं तं म्हणाले, इतक्या लवकर आली का?" असं ती सांगत होती आणि हसत होती. चौथीत पहिली आली होती तेव्हा असं हसली होती. त्यांनी तिची सगळी जादा कलमं कापली, एक सोडून. पुराच्या पाण्यानं इंजिन बिघडलं तर भरपाईचं कलम त्यांनी ठेवलं, आणि वर बजावलं की पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा चावी फिरवायची नाही, उतरायचं आणि ढकलायची. बरोबर होतं. मीही हेच केलं असतं. पण मी केलं नव्हतं, त्यांनी केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी बाकापाशी गेलो. म्हटलं, भाऊ, गावभरच्या पोट्ट्यांचे पैसे वाचवता आणि माझ्याच पोरीले जास्त भराले लावता. माझ्या नावावर अर्ध्यात होत होतं.

"होत होतं," ते म्हणाले.

"मंग?"

"साहेब, तिनंच मले विचारलं, बाबाचा बोनस मले भेटू शकते का. मी म्हटलं भेटते, पण एकाच रस्त्यानं, बाबा गेल्यावर वारसाले. ती म्हणाली, मंग नको." त्यांनी पिशवीतून डबा काढला. "तिचा तिले जमवू द्या. जेवता का?"

मी जेवलो नाही. त्यांनी खोटं काही सांगितलं नव्हतं, नियम तोच आहे, मला तोंडपाठ आहे. पण ती 'मंग नको' म्हणाली हे मला त्यांच्या तोंडून कळलं. माझ्या लेकीनं माझ्याबद्दल बोललेली सगळ्यात चांगली गोष्ट त्यांच्या बाकावर बोलली गेली होती, आणि ती माझ्यापर्यंत उष्टी होऊन आली.

वर्ष गेलं. पावसाळा गेला, पूर आला आणि ओसरला, तिच्या गाडीला ओरखडा नाही. पॉलिसीचं वर्ष संपायला पंधरा दिवस उरले असताना ती दोन दिवसांच्या सुट्टीवर घरी आली. पहिला बोनस लागणार म्हणून खूश होती.

सकाळी ती आंघोळीला गेली होती. गाडी उन्हात उभी होती, मी म्हटलं सावलीत लावू. आत बसलो तर माझे गुडघे स्टेअरिंगला लागायला लागले, मी उंच, ती तिच्या आईवर गेलेली, ठेंगणी. मी सीट शेवटपर्यंत मागे ढकलली, रिव्हर्स टाकला आणि फाटकाच्या खांबावर घेतली. मागचा बंपर आत गेला, डावा लाइट फुटला.

मी मुद्दाम केलं नाही. हे मी स्वतःला खूप वेळा विचारून झालंय. पण ठोकल्यावर पहिला विचार कोणता आला ते सांगतो. आता क्लेम टाकावा लागेल, बोनस तुटेल, आणि भाऊंचं वर्षभराचं शहाणपण शून्यावर येईल. तो विचार आला आणि मला बरं वाटलं. बाप असून बरं वाटलं.

ती ओल्या केसांनी बाहेर आली. वाकून फुटलेला लाइट बघितला. मीच बोलत सुटलो, काळजी करू नको, मी आत्ता क्लेम टाकतो, तुला एक पैसा लागणार नाही. ती म्हणाली, "थांबा." आणि तिनं भाऊंना फोन केला.

ते मोपेडवर आले. गाडीभोवती फिरले, बंपरवर हात फिरवला, आणि विचारलं, "कोणाच्या हातानं?"

माझं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "माह्याच, भाऊ. मांगं पाह्यलं नाई."

तिथे बोलायला एक क्षण होता, तो मी जाऊ दिला. त्या माणसापुढे मी ठोकली असं म्हणायला माझी जीभ उचलली नाही.

भाऊ म्हणाले, बाकीचे लाइट लागतेत का पाहू. दार उघडून ते ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ते बुटके होते. पाय पुढे केले तर ब्रेकपर्यंत पोहोचेनात. मग त्यांनी एकदा माझ्या पायांकडे बघितलं. तोंडाकडे नाही. खालचा दांडा ओढून त्यांनी सीट पुढे घेतली, खट, खट, खट, थांबले, स्वतःच्या मापापेक्षाही आणखी एक घर पुढे घेतली, आणि आरसा खाली वाकवला. लाइट लावून बघितले, उतरले.

"लहान ठोक हाये बाई," ते तिला म्हणाले. "खिशातून कर."

मी पाकीट काढलं. ती म्हणाली, "राहू द्या ना बाबा. गाडी माही हाये." आणि तिनं माझा हात बाजूला केला, हळूच, रागानं नाही.

ती गाडीत बसली, पट्टा लावला, आणि सीटला, आरशाला कशालाच हात न लावता गॅरेजकडे निघून गेली. भाऊ माझ्या शेजारी फाटकात उभे होते. ते आता काहीतरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो, काहीही, एखादा टोमणा तरी. त्यांनी मोपेडला किक मारली आणि म्हणाले, "येतो साहेब." बोलले असते तर मला भांडता तरी आलं असतं.